मदत हवी आहे: वीज तोडण्याच्या मेसेजवरून नानांचे पैसे गेले, आता पुढे काय करू?

लूमवाली
मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण यातली कुठली गोष्ट उपयोगी ठरेल तेच कळत नाहीये.

सोलापुरात पूर्व भागात आमचा टर्की टॉवेलचा छोटा कारखाना आहे, चार माग. मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास नानांच्या (माझे वडील, घरात आम्ही तेलुगू बोलतो) मोबाइलवर मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्याशी बोला. खाली एक मोबाइल नंबर. बिल आम्ही वेळेत भरलं होतं, पावती आहे. पण शनिवारी माल द्यायचा होता आणि रात्रपाळीचे कामगार यायच्या बेतात होते. नानांनी फोन लावला.

समोरचा माणूस छान मराठी बोलत होता, काका काका करत होता. म्हणाला, पेमेंट दिसतंय, फक्त सिस्टिमला जोडलं गेलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतो, ती टाका आणि दहा रुपये भरा. ती एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट अ‍ॅप टाकायची फाइल. नानांनी ती इन्स्टॉल केली, मागितलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या आणि दहा रुपये भरायला कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी कुणालाही सांगितला नाही म्हणतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

८.१० ला ४९,००० गेले. मी घरी आल्यावर ९.०५ ला बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून कार्ड आणि खातं बंद करायला सांगितलं, तक्रार क्रमांक घेतला. तरी ९.४० ला आणखी १८,५०० गेले. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. काल शाखेत गेलो तर, "माहिती तुम्हीच दिलीत, आम्ही काय करणार?" एवढंच उत्तर मिळालं.

पैसे परत मिळायची काही वाट आहे का? त्या फोनचं काय करू? आणि नाना दोन दिवस धड जेवलेले नाहीत. कामगारांसमोर जायचीही त्यांना लाज वाटते. हे सगळ्यात जास्त सलतंय.

निवृत्त बँकवाला
ताई, आधी दोन्ही रकमा वेगळ्या करा. शाखेतल्या माणसाने त्या एकाच पारड्यात टाकल्या, ते चूक आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला. ग्राहकाच्या हातून माहिती गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. तुम्ही ९.०५ ला कळवलंत, पैसे ९.४० ला गेले. म्हणजे १८,५०० वर तुमचा सरळ हक्क आहे. तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, तक्रार क्रमांक आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा, शिक्क्यासह पोच घ्या. सोलापुरात पुष्कळांची खाती सहकारी बँकेत असतात, तुमचंही तसं असेल तर त्या बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ ला वेगळं परिपत्रक निघालं, नियम तोच. बँकेने नकार दिला किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा. पैसे लागत नाहीत. माहितीसाठी फोन १४४४८.

४९,००० चं अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवायचा निरोप जातो. तोवर तिथे शिल्लक असतील तर कोर्टाच्या आदेशाने परत मिळू शकतात. म्हणून १९३० चा पोच क्रमांक घेऊन शहर सायबर पोलिसांकडे स्वतः जा.

जुळे सोलापूरकर
तो फोन अजून चालू असेल तर आत्ता, हे वाचता वाचता, विमान मोडवर टाका. ओटीपी न सांगताही पैसे कसे गेले, तर त्या अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली होती. आलेला प्रत्येक ओटीपी ते गुपचूप पुढे पाठवत होतं. नाना खरंच बोलताहेत.

मूळ मेसेज, तो नंबर, फाइलचं नाव यांचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढा. पोलिसांना दाखवून झालं की फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा. नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, कधी कधी त्याचं चिन्हच दिसत नाही. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरून बदला. नंतर त्या सिमवरून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना तेही बघा.

पुढच्या वेळेसाठी नानांना दोन गोष्टी सांगा. महावितरणचा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून येत नाही, वर एमएसईडीसीएल असं नाव असतं. आणि थकबाकी असली तरी २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. 'आज रात्री साडेनऊ' असं काही नसतंच. शंका आली तर महावितरणच्या १९१२ ला विचारायचं.

आणखी एक. आता "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा" असे फोन येतील. तेही चोरच.

लूमवाली
दोघांचेही खूप आभार. पैसे मिळवून देणाऱ्याचा फोन आज दुपारीच आला होता! आईने घेतला, मी इथलं वाचलेलं असल्यामुळे लगेच ठेवायला लावला.

अर्ज दिला, पोच मिळाली. ओटीपी कसा गेला ते नानांना तेलुगूत नीट समजावलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे मी सांगितला नव्हता." रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. उद्या सायबर पोलिसांकडे स्वतः येतो म्हणालेत.

गोठलेल्या पैशांसाठी कोर्टात अर्ज कुणी केला आहे का? वकील लावावाच लागतो, की आपला आपण देता येतो?