गर्भाला गादी मिळू शकते, मग जगण्याचा हक्क का नाही?

दांडियाबाजारकर

परवा भजनी मंडळात परीक्षिताचं आख्यान झालं. अश्वत्थाम्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर येतं आणि कृष्ण आड उभा राहतो. नंतर चहा घेताना एक जण म्हणाला, आजच्या कायद्यात परीक्षित कुणीच नाही, उत्तरेच्या शरीराचा एक भाग, बस्स. तिथे वाद पेटला तो मिटला नाही, म्हणून इथे मांडतोय.

आपल्या बडोद्याचंच घ्या. खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये गेले तेव्हा जमनाबाईसाहेब गरोदर होत्या. मल्हारराव गादीवर बसले, पण मुलगा झाला तर गादी त्याची, या अटीवर. जुलै १८७१ पर्यंत अख्खं संस्थान एका पोटाकडे डोळे लावून होतं! पुण्यात तर त्याच्याही आधी हे घडलं. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि बारभाईंनी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन त्यांच्या पोटातल्या गर्भाच्या भरवशावर राज्य चालवलं. सवाई माधवराव एप्रिल १७७४ मध्ये जन्मले आणि जेमतेम चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली.

आजचा कायदाही वेगळं काय सांगतो? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २० : बाप वारला तेव्हा पोटात असलेलं मूल वारस. मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२, कलम १३ : अजून न जन्मलेल्याच्या हितासाठी मालमत्ता ठेवता येते. देवाची मूर्ती कोर्टात पक्षकार होते, २०१९ मध्ये रामलल्ला विराजमान दावा जिंकले. शेजारच्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेने २०१७ मध्ये आपल्या नर्मदामैयाला जिवंत मानायचा ठराव केला. पाषाण व्यक्ती, नदी व्यक्ती, आणि ज्याचं काळीज सोनोग्राफीत धडधडताना दिसतं ते मात्र कुणीच नाही?

चरकसंहितेत स्पष्ट आहे : शुक्र, शोणित आणि जीव कुशीत एकत्र आले की त्याला गर्भ म्हणायचं. म्हणजे जीव पहिल्यापासूनच आहे. कायद्यानेही त्याला तिथपासून व्यक्ती मानावं. आईच्या जिवावर बेतलं तर अपवाद, त्यावर माझा वाद नाही.

रावपुऱ्याची वकील

काका, जमनाबाईसाहेबांची गोष्ट तुम्ही ऐन बाळंतपणाच्या आधी थांबवलीत. ५ जुलै १८७१ ला त्यांना मुलगी झाली. त्याबरोबर गादीचा प्रश्न मिटला, मल्हारराव कायम झाले आणि बाईसाहेब पुण्याला जाऊन राहिल्या. ते संस्थान वाट बघत होतं मुलाची. पोटातला जीव तोच होता, हातपाय तेच, फक्त लिंग वेगळं निघालं आणि हक्क शून्य. याला गर्भाचा हक्क म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. पुरंदरावरही गंगाबाईंना मुलगी झाली असती तर बारभाईंनी काय केलं असतं?

कलम २० पूर्ण वाचा. 'नंतर जिवंत जन्मलेलं' असं मूल, हे शब्द तिथेच आहेत. मूल जिवंत जन्मलं तर हक्क मागे जाऊन लागू होतो, नाही जन्मलं तर तो कधी नव्हताच. दोन हजार रुपयांची एफडीसुद्धा मृत जन्मलेल्या मुलाच्या वारसांकडे जात नाही, कारण ते मूल वारस झालंच नाही. ही वाटणी नीट व्हावी म्हणून केलेली सोय आहे.

मूर्तीचं उदाहरण तर तुमच्याच अंगावर येतं. देव कोर्टात स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने वहिवाटदार बोलतो. गर्भाचा वहिवाटदार कोण? नवरा? सासरा? जिल्हाधिकारी? वहिवाटदार देवळाची जमीन सांभाळतो. इथे 'जमीन' म्हणजे एक चालतीबोलती बाई आहे.

मांडवीचा भिक्षुक

दोघांनीही शास्त्र आणि कायदा एका पंगतीला बसवलाय. पंगत वेगळी आहे.

भ्रूणहत्या महापाप, यात दुमत नाही. मनूने अविज्ञात गर्भ मारणाऱ्याला ब्रह्महत्येचंच प्रायश्चित्त सांगितलंय. अविज्ञात म्हणजे मुलगा की मुलगी हे न कळलेला. याज्ञवल्क्य सांगतो की गर्भाच्या वर्णाप्रमाणे प्रायश्चित्त बदलतं. हे इथे पुष्कळांना रुचणार नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.

आता सुतकाकडे बघा. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात, त्यापुढे प्रसूती. स्रावाला आईला जितके महिने तितक्या रात्रींची अशुद्धी, बस्स. पिंड नाही, श्राद्ध नाही, नाव नाही. नाव ठेवतो ते बाराव्या दिवशी. जीव केव्हा येतो यावरही एकमत नाही : चरक म्हणतो पहिल्यापासून, गर्भोपनिषद म्हणतं सातव्या महिन्यात. दोन्ही आपलेच. माझ्याकडे यजमान विचारायला येतात, गुरुजी, तिसऱ्या महिन्यात गेलं, काय करायचं? मी सांगतो, शांत बसा, बाईला विश्रांती द्या. पोलिसांचा इथे काय संबंध?

पाप आहे म्हणून गुन्हा केलाच पाहिजे असं नसतं. खोटं बोलणंही पाप आहे.

दांडियाबाजारकर

गुरुजी, तुमचं सुतकाचं गणित मान्य, पण त्यातून निष्कर्ष चुकीचा निघतोय. दोन वर्षांच्या आतलं मूल गेलं तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचंही श्राद्ध नाही. म्हणून ते व्यक्ती नव्हतं का? त्याला कुणी मारलं तर खूनच लागतो ना? क्रियाकर्म मागे राहिलेल्यांसाठी असतं, त्यावरून गेलेल्याची किंमत ठरत नाही.

आणि वकीलताई, मुलगी झाली म्हणून हक्क गेला हा १८७१ चा दोष. तो दोष काढून टाका, तत्त्व ठेवा. २००५ नंतर मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी आहे. आज जमनाबाईंच्या पोटातली मुलगीही वारसच ठरली असती.

कारेलीबाग

मग सातबाऱ्यावरही 'पाचवा महिना चालू' अशी नोंद करायची का 😄

अमेरिकेतून, मूळ बडोद्याची

हसू नका, तिकडे जवळजवळ तेच झालं. अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं की गोठवून ठेवलेला भ्रूणही कायद्याने 'मूल' आहे. चुकून नष्ट झाला तरी मृत्यूचा दावा. मुख्य न्यायमूर्तींनी सहमतीच्या मतात बायबलचे दाखले दिले. आठवडाभरात तिथल्या मोठ्या आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रांनी काम थांबवलं, कारण एक नळी फुटली तरी दावा ठोकला जाईल अशी भीती. मार्चमध्ये विधिमंडळाला घाईघाईने केंद्रांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. म्हणजे धर्माच्या नावाने जे व्यक्तित्व दिलं, ते महिन्याभरात त्याच धार्मिक मतदारांना परवडेना.

आपल्याकडे तर आणंद बडोद्यापासून तासाभरावर आहे, सरोगसीसाठी जगभर गाजलेलं. सहाय्यक प्रजनन कायदा २०२१ नुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं गोठवून ठेवता येतो, पुढे संमतीने नष्ट करायचा किंवा संशोधनाला द्यायचा. काकांचं तत्त्व घेतलं तर दहा वर्षांनी काय करायचं?

सूरसागर

मी काकांच्या बाजूने. गर्भ व्यक्ती नाही म्हणणाऱ्यांनी एक उत्तर द्यावं. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला तर आपल्याला राग का येतो? बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, वॉकर यांनी १८०८ च्या सुमारास काठियावाडच्या जाडेजा सरदारांकडून मुलींना मारणार नाही असे करार लिहून घेतले, गायकवाडांचं सैन्य त्याच मोहिमेत होतं. तेव्हा मुली जन्मल्यावर मारत, आता सोनोग्राफी आहे म्हणून आधी. पाप तेच. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा मग कुणाला वाचवतो? आत कुणी नसेलच तर कुणाला?

रावपुऱ्याची वकील

प्रश्न चांगला आहे, उत्तर त्याच कायद्यात आहे. कलम २४ : बाईने चाचणी करून घेतली तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं कोर्ट गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. तो कायदा बायकांच्या विरुद्धच्या भेदभावाला आळा घालतो. त्यात गर्भाला कुठे व्यक्ती म्हटलेलं नाही, आणि म्हणूनच तो बाईला आरोपी न धरता पीडित धरू शकतो. गर्भाला पूर्ण व्यक्ती केलंत की हीच बाई खुनातली सहआरोपी होते. हे तुम्हाला हवंय का?

बाकी कायदा हात झटकून बसलेला नाही. भारतीय न्याय संहितेतली कलमं ८८ ते ९२ याच विषयाची आहेत : १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याबाहेर गर्भपात केला तर तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ती बाईलाही लागू शकते. पण पोटातल्या गर्भाचा मृत्यू हा मनुष्यवध नाही, असं कलम १०० च्या स्पष्टीकरणात लिहिलंय. मुलाचा काही भाग बाहेर आला की मात्र होऊ शकतो. ही रेघ १८६० पासूनची आहे.

निवृत्त परिचारिका, फतेहगंज

तुम्ही सगळे रेघ कुठे मारायची यावर भांडताय. मी चाळीस वर्षं प्रसूतिकक्षात काढली, रेघ तिथे दिसते ती सांगते.

व्यंग शोधणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते. रिपोर्ट येईपर्यंत, मोठ्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत, घरचे रडून शांत होईपर्यंत वीस उलटतात. १९७१ च्या कायद्याची मर्यादा वीसच होती. हवं असलेलं मूल, ओटी भरून झालेली, चोर ओटीपासून डोहाळजेवणापर्यंत सगळं ठरलेलं, आणि मेंदूच नाही असा रिपोर्ट. कवटी वरून उघडी. अशा बाईला तारीख उलटली म्हणून परत पाठवायचं. २०२१ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या स्त्रियांसाठी चोवीस केली आणि मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढेही परवानगी देऊ शकतं, ते यासाठी. काकांच्या अपवादात आईचा जीव आहे. ही बाई त्यात बसत नाही, तिच्या जिवाला काही धोका नाही. तिने पूर्ण नऊ महिने काढायचे का?

सुश्रुतही मी थोडा वाचलाय, आयुर्वेदवाल्या डॉक्टरांच्या नादाने. अडलेल्या गर्भाच्या प्रकरणात तो म्हणतो, जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये, आई आणि मूल दोघंही जातात. मेलेला असेल तर क्षणभरही थांबू नका, काढा. वैद्य होता, समोर बाई पडलेली असताना काय करायचं ते सांगत होता. गर्भ व्यक्ती की अव्यक्ती हा काथ्याकूट त्याने नाही केला.

दांडियाबाजारकर

ताई, मेंदू नसलेल्या गर्भाबद्दल माझ्याकडे कठोर व्हायची ताकद नाही. तो अपवाद मी लिहायला हवा, लिहितो. पण अपवादावरून नियम ठरत नाही. ज्या गर्भाला काही झालेलं नाही, जो फक्त नको आहे, त्याचं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलांच्या आईला सव्वीस आठवड्यांचा निरोगी गर्भ पाडायची परवानगी नाकारली. म्हणजे न्यायालयालाही आत कुणीतरी दिसलंच ना?

रावपुऱ्याची वकील

त्या निकालाचा आधार तपासा. चोवीस आठवडे उलटलेले, मोठं व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, म्हणून १९७१ च्या कायद्याच्या कलम ३ आणि ५ मध्ये ती बसत नव्हती. गर्भाला घटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खालची व्यक्ती ठरवून तो निर्णय झालेला नाही.

आणि दोनच महिने आधीचं आपल्याच राज्यातलं प्रकरण आठवा. बलात्कारपीडित स्त्री, सत्तावीस आठवड्यांच्या आसपास. इथल्या उच्च न्यायालयाने तारीख पुढे दिली, सर्वोच्च न्यायालय सुट्टीच्या शनिवारी बसलं आणि २१ ऑगस्ट २०२३ ला परवानगी दिली. त्याच आदेशात असंही आहे की गर्भ जिवंत निघाला तर रुग्णालयाने काचेच्या पेटीपासून सगळी सोय करावी आणि राज्याने दत्तक देण्याची व्यवस्था करावी. बाहेर आल्यावर ते मूल, त्याला सगळे हक्क. आत असताना आधी तिचं ऐकायचं.

मांडवीचा भिक्षुक

हे मला पटतंय. काका, तुम्ही कायद्याकडून जे मागताय ते खरं तर समाजाकडून मागायला हवं. नको असलेलं मूल घरात येणार म्हणून जी घाबरलीय, तिच्या पाठीशी तुमचं भजनी मंडळ किती वेळा उभं राहिलंय?

दांडियाबाजारकर

गुरुजी, मंडळ कमी पडतं, म्हणून तर कायदा लागतो. हुंड्याच्या वेळीही समाज सुधारू म्हणत बसलो असतो तर?

निवृत्त परिचारिका, फतेहगंज

हुंड्यात मागणारा एक आणि देणारा दुसरा, काका. इथे दोन जीव एकाच कातडीत आहेत. आणि गर्भाचा वहिवाटदार कोण, या वकीलबाईंच्या प्रश्नाला तुम्ही अजून हात लावलेला नाही.

दांडियाबाजारकर

वहिवाटदार आई. ती नको म्हणाली तर कोर्ट.

रावपुऱ्याची वकील

म्हणजे आठव्या आठवड्यालाही प्रत्येक बाईने कोर्टाची पायरी चढायची. इथल्या कोर्टात साध्या वाटणीच्या दाव्याला किती वर्षं लागतात ते तुम्हाला माहीत आहे, काका.