मदत हवी आहे: पगार घटला, मुलीची पोटगी कमी होते का?

प्रश्न: भाऊ पुण्यात नोकरीला आहे. २०२२ मध्ये फॅमिली कोर्टाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुलीसाठी दरमहा १२,००० रुपये पोटगी ठरवली. तेव्हा हातात ६८,००० यायचे. ती कंपनी बंद पडली, आता ४१,००० मिळतात. दोन महिने तो ८,०००च भरतोय. पुढे काय करावं?

प्रतिसाद: आधी पूर्ण १२,००० भरायला सांगा. कोर्ट आदेश बदलत नाही तोवर दरमहा ४,००० थकबाकी चढतेच. मुलीच्या आईने वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला तर वॉरंट निघतं, प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगूनही रक्कम फिटत नाही.

मग लगेच त्याच कोर्टात रक्कम बदलण्याचा अर्ज द्या, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२७). उशीर करू नका, आधीची थकबाकी सहसा माफ होत नाही. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, नवं नेमणूकपत्र, दोन्हीकडच्या पगारपावत्या, फॉर्म १६, तीन वर्षांची आयकर रिटर्न, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट लावा. 'रजनेश विरुद्ध नेहा' (२०२०) निकालाप्रमाणे मालमत्ता-दायित्वाचं शपथपत्र दोन्ही बाजूंना द्यावं लागतं. खात्यात मोठी रक्कम जमा दिसत असेल तर कुठून आली ते त्यातच लिहा. उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

घराचे, गाडीचे हप्ते दाखवून फारसं काही हाती लागत नाही. आयकर, पीएफ, व्यवसाय कर या सक्तीच्या कपाती धरतात, स्वतःहून घेतलेलं कर्ज सहसा नाही. राजीनामा स्वतःहून दिला असेल तर बाजू फारच लंगडी.

प्रतिसाद: पगार ४० टक्के घटला म्हणून पोटगी ४० टक्के घटेल असं धरू नका. तसं सूत्रच नाही. २०१७ च्या एका निकालातले पगाराचे २५ टक्के सगळे सांगतात, पण ते पत्नी आणि मुलगा दोघांसाठी होते, शिवाय बंधनकारक नाहीत. २०२२ नंतर मुलीची फी वाढली असणार, तीही कोर्ट बघेल. आईची कमाईसुद्धा बघेल. मुलीचा खर्च खरंच भागला पाहिजे, हे भावाने मनात पक्कं ठेवावं.

पैसे रोख देऊ नका. बँकेतून पाठवा, शेऱ्यात महिना लिहा. शाळेत परस्पर भरलेली फी आपोआप पोटगीत वळती होत नाही.

आई कमी रकमेला तयार असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या होकारावर विसंबू नका. दोघांच्या सहीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल करा आणि त्यावर कोर्टाचा आदेश घ्या.