पंचेचाळिशीत नोकरी सोडून व्यावसायिक स्वयंपाकी व्हायचंय: तयारी नेमकी काय करावी?

प्रश्न

वय ४५, काम टेबलावर बसून करायचं. घरी १५-२० माणसांचा स्वयंपाक आरामात जमतो आणि आता हेच पूर्णवेळ करायचं पक्कं आहे. राजीनाम्याआधी सहा महिने हातात आहेत. कोर्स करावा की थेट एखाद्या किचनमध्ये शिरावं? घरचं प्रमाण शंभर माणसांना वाढवलं की चव का बिघडते? आणि शरीर साथ देईल की नाही, हे आधी कसं तपासायचं?

प्रतिसाद १

हे सहा महिने नव्या पाककृती शिकण्यात घालवू नका. व्यावसायिक किचनमध्ये कालचाच पदार्थ आज, तसाच्या तसा, ठरलेल्या वेळेत बनवावा लागतो. ही सवय चिरण्यापासून लागते.

सुऱ्यांचा संच नको. २० सेंटिमीटर पात्याची एक चांगली सुरी आणि धार लावायला १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड पुरे. पातं दगडावर १५ ते २० अंशांत धरायचं. कोन असा ओळखा: पातं उभं म्हणजे ९०, निम्मं कललं की ४५, त्याच्या निम्म्यावर साधारण २२, आणि त्याहून जरासं खाली. एक बाजू घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी बारीक कड येते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली तरच बाजू बदला. बहुतेकांची टोकाजवळ घाई होते, तिथे कड आलेलीच नसते आणि टोक बोथट राहतं.

मग कांदा. मुळाकडचा भाग न कापता उभे दोन भाग करा. मूळ शाबूत असलं की पाकळ्या सुटत नाहीत. ५ मिलिमीटरचे तुकडे धरून ५ किलो चिरा आणि पहिली मूठ शेवटच्या मुठीशेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर वेग कमी करा. बारीक तुकडे करपायला लागतात तेव्हा जाडे कच्चेच असतात, आणि ते नंतर कशानेही सुधारत नाही. बोर्डखाली ओलं फडकं हवं, धरणाऱ्या हाताची बोटं आत वळलेली हवीत आणि पातं पेरांना टेकून चाललं पाहिजे.

प्रतिसाद २

चव बिघडते कारण सगळं एकाच आकड्याने गुणलं जातं. पातेलं लांबी, रुंदी, उंची तिन्हींत दुप्पट केलं तर ऐवज आठपट होतो, पण वाफ जायला वरचा भाग चौपटच मिळतो. चार माणसांचं पाणी २५ ने गुणलं की रस पातळ राहणारच. हिशेबाच्या पाऊण पाणी घालून सुरुवात करा, उरलेलं शेजारी उकळत ठेवा आणि लागेल तसं वाढवा. गार पाणी ओतलं की एवढं मोठं पातेलं पुन्हा उकळी धरायला फार वेळ घेतं.

परतण्यातली फसगत याहून मोठी. ५ किलो कांद्यात जवळजवळ साडेचार लिटर पाणी असतं. ते भांड्यात आहे तोवर तापमान १०० अंशांपाशी अडकून राहतं, आणि तांबूस रंग यायला १४० च्या आसपास लागतं. म्हणून उंच पातेल्यात खच्चून भरलेल्या कांद्याचा लगदा होतो, रंग येत नाही. आच वाढवली तर तळ लागतो आणि वरचा थर पांढराच. रुंद भांडं घ्या, ३-४ सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, दोन-तीन घाणे करा.

मीठ वजनानेच. जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो, त्यामुळे चमच्याच्या मापाला अर्थ नाही. रसदार पदार्थाच्या तयार वजनाच्या साधारण १ टक्का धरा: १० किलोला १०० ग्रॅम. आधी ८० घाला, बाकीचं आटल्यावर, चाखून. आजपासून प्रत्येक पाककृती ग्रॅममध्ये लिहायला घ्या, सोलल्यानंतरचं वजनही टिपा. १ किलो आणलेल्यातून ८८० ग्रॅमच हाती येत असेल तर खर्चाचा हिशेब ८८० वर मांडायचा. तो किलोवर मांडल्यामुळेच कागदावरचा नफा गल्ल्यात दिसत नाही.

प्रश्नकर्ता

फार उपयोगी, धन्यवाद. एक शंका: २० लिटर सूप उरलं तर पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं का? घरी तर असंच ठेवतात.

प्रतिसाद ३

अजिबात नाही. एवढ्या पातेल्याचा मधला भाग फ्रीजमध्येही कित्येक तास कोमट राहतो, शिवाय शेजारचे जिन्नस गरम होतात. काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि त्यांना वाढायला कोमट सूप किंवा भात फार मानवतो. पाळायचा नियम: ६० वरून २१ अंशांवर २ तासांत, आणि २१ वरून ५ वर पुढच्या ४ तासांत. ५ सेंटिमीटर खोलीच्या पसरट ट्रेमध्ये ओता, किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. झाकण पूर्ण गार झाल्यावरच. ट्रेवर पदार्थ, तारीख, वेळ. पुन्हा गरम करताना मध्यभागी ७५ अंश, थर्मामीटर लावून. वास बरा येतो म्हणून अन्न सुरक्षित, असं कधीच धरू नका.

याच कारणासाठी कोर्सबद्दल माझं मत: लांबलचक कोर्स नको, पण अन्नसुरक्षेचा छोटा कोर्स जरूर करा.

प्रतिसाद ४

वरच्याशी सहमत. फक्त वेग आणि गडबड कोर्समध्ये कळत नाही. नोकरी चालू असतानाच शनिवार-रविवार एखाद्या चालत्या किचनमध्ये भांडी घासायचं आणि भाजी चिरायचं काम मागा, सलग आठ आठवडे. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, पहिल्या दिवशी उत्साहच उभं ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टाचा, गुडघे, कंबर काय म्हणतात ते महिनाभर लिहून ठेवा. दुखणं आठवड्यागणिक कमी होत असेल तर शरीर सरावतंय. वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि जागा निवडताना ते लक्षात घ्या: रात्रीचं रेस्टॉरंट आणि दिवसा चालणारं कँटीन यांत तासांचा फार फरक असतो.

बंद, न घसरणारे बूट पहिल्या दिवसापासून. २० लिटरचं भरलेलं पातेलं एकट्याने उचलू नका, भांड्यासकट ते २० किलोच्या वरच जातं. गरम भांडं नेहमी कोरड्या फडक्याने धरा. ओल्या फडक्यातलं पाणी लगेच तापतं, वाफ होते आणि हात भाजतो. भाजलंच तर २० मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही.

आणि वरिष्ठ पंचविशीतला असेल. त्याने ऑर्डर सांगितली की ती मोठ्याने जशीच्या तशी परत म्हणा, कुणाच्या मागून जाताना ‘मागे’ म्हणून आवाज द्या. साठ्याचा हिशेब आणि खरेदीची यादी तुम्हाला इतरांपेक्षा चांगली जमेल, पण ती पहिल्या महिन्यात पुढे करू नका. आधी चिरण्याची जागा वेळेत रिकामी आणि पुसलेली दिसू द्या.