मदत हवी आहे: पोस्टफिक्समधून स्कॅनरची मेल बाहेर जात नाही

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या ऑफिसात डेबियन १२ (लिनक्स) वर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बसवलाय. इंटरनेट कंपनीने बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवलाय, म्हणून रिलेहोस्ट (आमची मेल पुढे पोचवणारा दुसरा सर्व्हर) टाकून ५८७ नंबरच्या पोर्टवरून पाठवतो. सर्व्हरवरून केलेली मेल नीट पोचते. (सुरुवातीला 'no worthy mechs found', म्हणजे लॉगिनची योग्य पद्धत सापडत नाही, असं येत होतं, ते लिबसासल२-मॉड्यूल्स (libsasl2-modules) हे पॅकेज टाकल्यावर गेलं. कुणी तिथे अडकलं असेल तर आधी हे बघा.)

आता घोडं अडलंय स्कॅनरपाशी. त्याचा पत्ता १९२.१६८.१.४०, राऊटरवर पक्का बांधलेला. स्कॅन बाहेर पाठवला की लॉगमध्ये '४५४ ४.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड', म्हणजे मेल पुढे पाठवायला नकार. मायनेटवर्क्समध्ये (पासवर्डशिवाय मेल पाठवू द्यायच्या पत्त्यांची यादी) फक्त १२७.०.०.०/८, म्हणजे सर्व्हर स्वतःच, आहे, त्यामुळे कारण कळतंय. पण स्कॅनर जुना, त्यात युजरनेम-पासवर्ड द्यायची सोयच नाही.

अख्खं १९२.१६८.१.०/२४, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कची सगळी रेंज, टाकलं तर काम होईल, पण पाहुण्यांचं वायफायही त्याच रेंजमध्ये आहे. एखाद्याच्या लॅपटॉपमधून स्पॅम सुटला तर आमचं डोमेन काळ्या यादीत जाईल, याची खरंच धास्ती वाटते. फक्त स्कॅनरचा पत्ता /३२ (म्हणजे तेवढा एकच पत्ता) लावून टाकणं पुरेसं आहे का? की पाठवणाऱ्याचा पत्ताही तपासायला हवा? कुणी असं चालवत असेल तर मेन डॉट सीएफ (main.cf, पोस्टफिक्सची सेटिंग फाइल) मधल्या त्या ओळी कृपया दाखवा.