मदत हवी आहे : इसबगोल सुरू केल्यापासून पोट जास्तच गच्च झालंय, पुढे काय करावं?

पानगळ
वय ६४, स्त्री. गेले पाच आठवडे शौचाला आठवड्यातून दोनदाच होतं. सुरुवातीला सुटे कडक खडे पडतात, कुंथावं लागतं आणि पोट पूर्ण साफ झालं असं वाटत नाही. रक्त नाही, वजन तेवढंच, भूक ठीक. दहा दिवसांपासून रात्री झोपताना दोन मोठे चमचे इसबगोल अर्धा कप दुधातून चालू आहे. तेव्हापासून पोट फुगतंय आणि शौच आणखी कमी झालंय. दोन महिन्यांपासून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू आहे. दिवसाचं पाणी जेमतेम एक लिटर.

इसबगोल वाढवावं की बंद करावं? एकदा एरंडेल देऊन पोट मोकळं करून घेतलं तर चालेल का? आणि घरच्या उपायांवर किती दिवस थांबायचं?

कवडसा
पानगळ, तूर्त इसबगोल बंद करा. ते वाईट नाही, पण क्रम चुकलाय. पुढे कडक खडा अडकलेला असताना मागून फुगणारा भुसा ढकलला की गर्दी वाढते, बाहेर काहीच येत नाही. आधी अडकलेलं मऊ करून काढायचं, मग भुसा.

दुसरी चूक पाण्याची. घरी करून बघा : एक चमचा इसबगोल पाव कप पाण्यात आणि तेवढंच दुसऱ्या ग्लासात २४० मिली पाण्यात घाला, दहा मिनिटं थांबा. पहिल्यात चमच्याला चिकटणारा घट्ट गोळा होतो. दुसऱ्यात ओतता येईल असा बुळबुळीत द्रव राहतो. आतड्यात आपल्याला हा दुसरा प्रकार हवा आहे. अर्धा कप दुधात दोन मोठे चमचे म्हणजे गोळाच.

अडकलेलं काढायला ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची, आत विरघळणारी वात) सोपी पडते. डाव्या कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन आत सरकवायची. साधारण १५ ते ६० मिनिटांत कळ येते. खडे वरपर्यंत असतील तर लॅक्ट्युलोज नावाचं पातळ औषध लागतं. ते आतड्यात पाणी धरून ठेवतं, पण असर दिसायला एक ते तीन दिवस जातात. पहिल्या रात्री काही झालं नाही म्हणून लगेच दुप्पट घेऊ नका. मात्रा औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दोन-तीन वेळा मऊ शौच झाल्यावर इसबगोल परत सुरू करा, पण एकच छोटा चमचा, २४० मिली पाण्यात, ढवळून लगेच प्यायचा आणि वर आणखी एक ग्लास पाणी. आठवडाभर सोसलं तर दुसरा चमचा दिवसाच्या वेगळ्या वेळी. घेतल्यावर आडवं व्हायचं नाही, म्हणून झोपतानाची वेळ बदला. घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकण्याचा धोका खरा आहे. गिळायला त्रास होत असेल तर इसबगोल द्यायचंच नाही. बाकी गोळ्यांपासून किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

दवबिंदू
खाण्यातला उपाय हवा असेल तर सुके आलुबुखार, म्हणजे प्रून्स. ५० ग्रॅम म्हणजे पाच-सहा नग. त्यात तंतू असतातच, शिवाय सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ असतो. तो नीट शोषला जात नाही, त्यामुळे पाणी आतड्यातच राहतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिवसातून दोनदा ५० ग्रॅम प्रून्स इसबगोलपेक्षा सरस ठरले होते. पण पहिल्याच दिवशी शंभर ग्रॅम नको, सॉर्बिटॉलनं गॅस होतो. तीन नगांपासून सुरू करून तीन-तीन दिवसांनी वाढवा. मधुमेह असेल तर लक्षात ठेवा की ५० ग्रॅममध्ये १९ ग्रॅमच्या आसपास साखर जाते.

पोट फुगण्याचाच त्रास जास्त असेल तर रोज दोन हिरवी किवी. तोंडाला खाज आली तर थांबवा. जवस द्यायचं तर दळूनच, अख्खं जवस जसं जातं तसंच बाहेर पडतं. दिवसाला एक मोठा चमचा पूड पुरे, आणि तिच्याबरोबरही पाणी हवंच.

उंबरठा
एरंडेल नको. ते दोन ते सहा तासांत आतड्याला जोरात पिळायला लावतं, मुरडा येतो, जुलाब होतात आणि पाण्याबरोबर क्षारही जातात. खडा खाली घट्ट बसला असेल तर वरून नुसता मुरडा आणि खाली वाट बंद. या वयात चक्कर येऊन पडण्याची भीती वेगळीच. गरोदरपणात तर ते अजिबात देऊ नये, गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात. सोनामुखी रात्री घेतली की सहा ते बारा तासांनी काम करते, तीही अडल्यावेळी. आठवड्यापलीकडे स्वतःच्या मनानं चालू ठेवायची नाही.

फुकटचा उपाय मात्र कुणी मनावर घेत नाही, तो म्हणजे वेळ आणि बसणं. काही खाल्लं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं आणि सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर ते सगळ्यात जोरात हलतं. खाऊन १५ ते ३० मिनिटांनी, कळ असो वा नसो, रोज त्याच वेळी बसवा. कमोड असेल तर पायाखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवा. गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, कोपर मांड्यांवर, अंग पुढे झुकलेलं, टाचा टेकलेल्या. गुदाशयाला फास घालून धरणारा एक स्नायू असतो, तो या स्थितीत सैल पडतो आणि वाट सरळ होते. श्वास कोंडून कुंथायचं नाही. पोट फुगवून सावकाश श्वास सोडायचा. दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं. जास्त वेळ बसून जोर केला की मूळव्याध.

पाणी दीड ते दोन लिटरपर्यंत न्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असून पाणी मोजून सांगितलेलं असेल तर ती मर्यादा आधी. नुसतं पाणी वाढवून फार फरक पडत नाही, ते तंतूंबरोबर लागतं.

पानगळ
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. इसबगोल आजपासून बंद. दोन शंका राहिल्या. लोहाची गोळी काही दिवस बंद केली तर चालेल का? आणि शौच मऊ होऊनही बाहेर पडत नसेल तर?

कवडसा
लोह हेच मोठं कारण असू शकतं, तारखाही जुळतात. पण परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना विचारा की एक दिवसाआड दिली तर चालेल का, किंवा दुसऱ्या प्रकारचं लोह घेता येईल का. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर तेही पोट घट्ट करतं, त्याऐवजी कॅल्शियम सिट्रेटबद्दल विचारून बघा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचंही नाव सांगा, व्हेरापामिल नावाच्या गोळीनं हा त्रास बऱ्याचदा होतो. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या.

मऊ असूनही अडतंय, बोटानं काढावं लागतंय किंवा खालून दाब द्यावा लागतोय, तर दोष बहुतेक स्नायूंच्या तालमेळाचा असतो. जोर करताना सैल पडायच्या ऐवजी ते आवळतात. तिथे तंतू वाढवून त्रासच वाढतो. बायोफीडबॅक नावाचा व्यायाम शिकवतात, तो उपयोगी पडतो.

उंबरठा
किती दिवस थांबायचं, हे राहिलं. या वयात सवय नव्यानं बदलून पाच आठवडे झालेत, तेव्हा रक्त नसलं तरी डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या, घरचे उपाय त्याबरोबरच चालू ठेवा. उलट्या, पोट टम्म फुगून वारासुद्धा न सरणं, किंवा न थांबणारी कळ यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर कुठलंही रेचक नको. बरेच दिवस शौच नाही आणि अचानक पातळ गळायला लागलं तर ते जुलाब समजून औषध देऊ नका. अडकलेल्या खड्याच्या कडेनं पाणी झिरपत असतं.

लोहाच्या गोळीनं शौचाचा रंग हिरवट काळा होतो, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, चकाकणारं आणि उग्र वासाचं काळं शौच म्हणजे वरच्या भागातला रक्तस्राव असू शकतो. तसं झालं तर आठवड्याची वाट बघायची नाही.