मदत हवी आहे: हार्ड डिस्क पालीसारखी चुकचुकतेय

भांडुपकरीण
नमस्कार मंडळी. बाबांची १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, २०१२ साली ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली. (घरी आणून जोडली तर ९३१ जीबीच दिसली, म्हणून बाबा दुसऱ्या दिवशी परत ग्रँट रोडला जाऊन दुकानदाराशी भांडून आले होते. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.) गेली काही वर्षं ती लोखंडी कपाटात, आईच्या साड्यांमागे, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी पडून होती.

रविवारी जोडली. पाच मिनिटं बरी चालली आणि मग टक... टक... भिंतीवरची पाल चुकचुकते ना, अगदी तस्सा आवाज. थांबते, पुन्हा सुरू होते. कॉपी लावली तर वेग सेकंदाला ४०० केबी. आत ४३० जीबी आहे, म्हणजे हिशोबाने बारा दिवस!

लग्नाचे व्हिडिओ गेले तर हळहळेन, पण जेवेन. जीव अडकलाय तो एकाच फोल्डरमध्ये. आजीच्या जात्यावरच्या ओव्या. २००९ मध्ये बाबांनी संगमेश्वरला छोट्या रेकॉर्डरवर घेतलेल्या, ६१ फाईली. आजी आता नाही. दुसरी कॉपीही नाही. हो, माहितेय, बोला काय बोलायचं ते.

स्टेशनजवळचा रिपेअरवाला म्हणतो, "आधी फॉरमॅट मारू, मग रिकव्हर करू." दादा म्हणतो, क्लाऊडवर टाक आणि मोकळी हो. त्यावर बाबा: "आपले दागिने दुसऱ्याच्या घरात ठेवतं का कुणी?" आई: "मग बँकेच्या लॉकरमध्ये काय ठेवलंय?" सध्या दोघांचा अबोला आहे.

तर आधी काय करू? आणि पुढे ठेवू कशावर, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) की परत हार्ड डिस्कच?

अर्धा_चहा
चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवून बघा. माझी तशीच ठीक झाली होती.

जुनंपुराणं
अजिबात नको! चेकडिस्क फाईल सिस्टीम, म्हणजे फाईलींची नोंदवही, दुरुस्त करतो, डिस्क नाही. दुरुस्ती म्हणजे त्याच मरणासन्न डिस्कवर लिहिणं आलं. अर्धा_चहा, तुमचं नशीब थोर.

ताई, फॉरमॅटवाल्याकडे पुन्हा फिरकू नका. आधी डिस्क काढून ठेवा, ती जितका वेळ फिरेल तितकं तिचं आयुष्य कमी. मग एकदाच जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) काय आहे ते इथे टाका.

भांडुपकरीण
पिवळं 'कॉशन' दाखवतंय. पेंडिंगसमोर १ए८. हा काय आकडा आहे? गाडीचा नंबर वाटतो.

जुनंपुराणं
हेक्समध्ये आहे, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला. आपल्या हिशोबाने ४२४. इतके सेक्टर वाचताना डिस्क अडखळतेय. पण डिस्क ओळखली जातेय, फोल्डर दिसतायत, म्हणजे अजून धुगधुगी आहे.

आता विंडोजमधून कॉपी करू नका. विंडोज एका खराब जागेवर डोकं आपटत बसतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) सुरू करा आणि डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम) वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेलं सोडून पुढे जातं आणि शेवटी अडलेल्याकडे परत येतं. मॅपफाईल द्यायला विसरू नका. तिच्यात काय झालं, काय राहिलं याची नोंद असते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. पहिल्या फेरीत -एन हा पर्याय लावा, म्हणजे ते खराब भाग खरवडत बसणार नाही. नक्कल उतरवायला नवी डिस्क २ टीबीची घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: कुठून आणि कुठे, ही दोन नावं तीनदा वाचून मगच एंटर दाबा. माझ्या मेहुण्याने ती उलटी दिली होती. कोरी डिस्क भरल्या डिस्कवर इमानदारीत कॉपी झाली.

स्लो_लोकल
आणि आवाज वाढला किंवा डिस्क दिसेनाशी झाली तर तिथेच थांबा. मग ते क्लीनरूमवाल्यांचं (धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्यांचं) काम, मला पाच आकडी कोटेशन आलं होतं. कुणी 'फ्रीजरमध्ये ठेवा' म्हणेल, ऐकू नका. आपल्या हवेत बाहेर काढल्या काढल्या दव धरतं.

दुसरा प्रश्न. कपाटात ठेवून विसरायचं असेल तर एसएसडी नको. तिच्यात डेटा म्हणजे विजेचा भार, तो हळूहळू झिरपतो, उकाड्यात जास्तच. जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेचं मानक घरगुती एसएसडीकडून, लिहिण्याची मर्यादा वापरून संपल्यावर, ३० अंशांना वीज नसताना एक वर्ष टिकण्याची अपेक्षा ठेवतं. नवी एसएसडी बरीच जास्त टिकते, पण आजीच्या ओव्यांवर कशाला जुगार? दोन हार्ड डिस्क घ्या, वेगवेगळ्या कंपनीच्या, आणि एक दुसऱ्या घरी. २६ जुलै २००५ ला आमच्या कुर्ल्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा मूळ सीडी आणि बॅकअप सीडी एकाच खणात होत्या. दोन्ही गेल्या.

डांबराच्या गोळ्या साड्यांपुरत्या ठेवा. डिस्कला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.

अर्धा_चहा
क्लाऊडला एवढे का घाबरता सगळे? ओव्या फार तर दोन-चार जीबी असतील. गूगलच्या फुकट १५ जीबीत आरामात मावतील.

भांडुपकरीण
हे डोक्यातच आलं नव्हतं! मी आख्खे ४३० जीबी चढवायच्या विचारात होते, २० एमबीपीएसने सलग दोन दिवस. बाबांना सांगितलं, फक्त ओव्या. ते म्हणाले, "ओव्या चालतील, त्या काय कुणी चोरणार नाही." दागिन्यांचा मुद्दा आपोआप मिटला.

भांडुपकरीण
अपडेट. काल रात्री ११ ला डीडीरेस्क्यू लावलं, डिस्कवर टेबलफॅन सोडला. बाबा मध्यरात्रीपर्यंत खुर्ची घेऊन शेजारी, आयसीयूबाहेर बसल्यासारखे. आज संध्याकाळपर्यंत ९९ टक्क्यांच्या वर आलंय. जुनंपुराणं काका, लाख लाख धन्यवाद. नावं तीनदा नाही, सात वेळा वाचली.

फोल्डर नव्या डिस्कवर उघडला. ६१ पैकी ५८ फाईली नीट वाजतायत. पहिल्याच फाईलमध्ये आजी ओवी मध्येच थांबवून "ते बंद कर आधी, पीठ सांडतंय" म्हणतेय. उरलेल्या तिनांपैकी एक अर्ध्यावर तुटते, दोन उघडतच नाहीत. रिपेअरवाल्याचा फोन आला होता, उचलला नाही.

आता दुसरी फेरी -एन काढून लावायची आहे. डिस्क रात्रभर थंड होऊ देऊ की लगेच लावू? आणि -आर३ म्हणजे अडलेल्या जागी तीन वेळा प्रयत्न, बरोबर ना?