सबई गवताच्या टोपलीला बुरशी आलीय, काय करू?

रंकाळ्याकडची
डिसेंबरात इथं कोल्हापुरात बचत गटांच्या प्रदर्शनात ओडिशातल्या मयूरभंजच्या बायकांचा स्टॉल होता, तिथनं सबई गवताची झाकणाची टोपली घेतली, साडेचारशेला. भाकरी ठेवायला वापरते. आता हा पाऊस आठ दिवस थांबायचं नाव घेईना आणि टोपलीच्या बुडाला पांढरी बुरशी धरलीय. धुतली तर चालंल का? सासूबाई म्हणतात पैसे जास्त गेले, खरंच का?

पेठेतला_दादा
ताई पाण्यात बुडवू नका, गवत आत ओलं राहतं. दारात नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, मग व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्यानं पुसा आणि उघडीप मिळाली की उन्हात, नाहीतर पंख्याखाली पार खडखडीत होईपर्यंत. भाकरी वाफ जाऊ दे, मग कापडात गुंडाळून ठेवा, बुरशी वाफेनंच येते. काळे डाग आत मुरले असतील तर मात्र खायच्या वस्तूंना ती नको.

भुदरगडची लेक
किमतीचं मी सांगते. आमची आई घायपाताचा वाख काढायची, म्हणजे त्या काटेरी झाडाच्या पानातला दोरीचा धागा. पानं कापायची, काटे छाटायचे, ओढ्यात दगडाखाली कुजत घालायची, मग धोपटून गर काढायचा, धुवायचं, वाळवायचं, त्या चिकानं हात खाजून लाल व्हायचे तिचे. आणि शंभर किलो पानातनं वाख निघतो तीन-चार किलो! मग दोरी वळायची, त्याची दावी, कासरे, शिंकी. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आधी तर घरात पाय ठेवायला जागा नसायची. नायलॉनचा दोर आला आणि सगळं बंद पडलं, आता गावात वाख काढता येणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्याच उरल्यात, याचं मला फार वाईट वाटतं.
सबईचं पण तसंच, गवत कापून वाळवायचं, हातानं दोरी वळायची, मग टोपली घालायची. दोरीतच किती वेळ जातो बघा. साडेचारशे जास्त नाहीत ओ.

रंकाळ्याकडची
दादा, पुसून पंख्याखाली ठेवलीय, डाग पांढरेच होते, निघाले. आणि लेकी, तुझं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांच्या माहेरी पण वाखाचं शिंकं होतं म्हणे, दुधाचं. त्या म्हाताऱ्या अजून शिंकं करून देतील का? मला एक पाहिजे, सांगतील ती किंमत देते.